वाठोऱ्यांचा फ्लॅट

पंचशीला वाठोरेला पूनम सागर सोसायटीतली निम्मी माणसं चेहऱ्यापेक्षा रिपोर्टवरून जास्त ओळखता यायची. मिरा रोड स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती रक्त काढायला होती. कुणाची साखर उतू चाललीय, कुठल्या शेठला जंत झालेत, उपवास करून करून जाड झालेल्या बाईचं कोलेस्टेरॉल कुठवर पोचलंय, हे सगळं तिच्या पोटात होतं आणि तिथंच राहायचं. माणसं मात्र तिच्यासमोर बाही वर करून बसली की, सुईच्या भीतीनं असेल, भडाभडा बोलत सुटायची.

त्यामुळं दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याची, लोकेशची कंपनी हिमाचल प्रदेशातल्या बद्दीला चालली ही बातमी फुटली, तेव्हा सल्ला मागायला तिला कुणाच्या घरी जावं लागलं नाही. सल्ले लघवीच्या बाटल्यांसोबत टेबलावर येऊन पडू लागले.

“फ्लॅट विकून टाका, मॅडम. आत्ता भाव आहे.”

“अजिबात विकू नका, मॅडम. अजून भाव यायचाय.”

“भाड्यानं द्या, पण मराठी माणसाला देऊ नका हां. एकदा घुसला की निघत नाही.” हे सांगणारे गृहस्थ स्वतः मराठी होते आणि भाड्याच्या खोलीत बारा वर्षं ठाण मांडून होते. पंचशीलानं त्यांना सुई जरा जोरातच टोचली.

लोकेश औषधाच्या गोळ्या पाकिटात भरणाऱ्या मशिनींचा मेकॅनिक होता. तिकडं डोंगरात सरकारनं टॅक्स माफ केला, तसं मालकानं गोरेगावचं युनिट बिऱ्हाड हलवावं तसं हलवलं आणि कामगारांना सांगितलं, येताय तर चला, नाहीतर जय महाराष्ट्र. लोकेशनं ‘चला’ म्हटलं. पन्नाशीकडं झुकलेल्या मेकॅनिकला मुंबईत कोण कडेवर घेणार होतं?

मुलगी स्वप्नाली औरंगाबादला हॉस्टेलवर शिकत होती. म्हणजे घरात माणसं तीन, आणि मतं चार. लोकेश म्हणायचा, विकूया, लोन फिटेल, डोक्याचा ताप जाईल. पंचशीला म्हणायची, भाड्यानं देऊया. “उद्या तिथली टॅक्समाफी संपली की तुमचा मालक भूतानला पळेल. मग आपण कुठं पळायचं?”

उरलेली दोन मतं तिच्या सासऱ्यांची, कोंडिरामांची. कोंडिराम हिंगोलीकडून तरुणपणी मुंबईत आलेले आणि फायर ब्रिगेडमध्ये बंब चालवून रिटायर झालेले. आयुष्यभर घंटेच्या वर आवाज काढायची सवय लागल्यामुळं ते मीठ मागायचे तरी खालच्या मजल्यावरची बाई दचकायची. सोमवारी ते म्हणायचे, “हे काय घर हाय का? काड्यापेटी हाय. इका!” मंगळवारी म्हणायचे, “घर कामून इकता? घर काय लुगडं हाय का?” आणि बुधवारी कुणी विचारलं की म्हणायचे, “माझं काय इचारता? मी हाय चार दिवसांचा.” हे चार दिवस गेली दहा वर्षं चालले होते.

शेवटी लोकेश दलालाकडं गेला. पिंटू इस्टेट हे दुकान म्हणजे झेरॉक्सच्या मशीनमागची एक खुर्ची. त्या खुर्चीत पिंटू बसायचा, केसांना जेल, दोन मोबाईल, तिसऱ्याची तयारी. लोकेश एकटा आला की पिंटू म्हणायचा, “विकण्यातच शहाणपण आहे, साहेब.” पंचशीला आली की म्हणायचा, “वहिनी, प्रॉपर्टी विकतं का कोणी? भाडं खायचं.” दोघं एकत्र गेले त्या दिवशी त्याला एकाएकी खोकला झाला.

“तुला कशात जास्त सुटतं ते सांग,” पंचशीला म्हणाली.

“वहिनी, मी सेवाभावी माणूस आहे.”

“ते दिसतंच आहे. आधी भाडेकरू आण.”

आता भाडेकरू आणायचा म्हणजे आधी तो हंसाबेनच्या डोळ्यांखालून जायला हवा. हंसाबेन सोसायटीच्या सेक्रेटरी. पहिल्या मजल्यावर, जिन्यासमोर दार, आणि ते दार सदैव उघडं. यमाच्या दूतालासुद्धा त्यांच्याकडं रजिस्टरमध्ये सही करावी लागली असती. वाठोरे कुटुंब राहायला आलं तेव्हा हंसाबेननी आडनाव विचारलं होतं, लोकेशनं सांगितलं होतं, आणि त्यांनी ऐकलं होतं ‘राठोर’. राजपूत आले म्हणून त्यांनी त्या दिवशी ढोकळा पाठवला. तेव्हापासून सोसायटीच्या पावत्यांवर ‘राठोर साब’ असंच यायचं. दोनदा लोकेशनं चूक दाखवली, दोन्हीदा हंसाबेन म्हणाल्या, “हां हां, वोही तो लिखा है।” मग त्यानं नाद सोडला. ढोकळा बरा असायचा.

पिंटूनं आणलेला पहिला भाडेकरू म्हणजे साक्षात इंद्र. चंदन नावाचा उंच, गोरा मुलगा, एका पौराणिक मालिकेत रोज संध्याकाळी स्वर्गाच्या सिंहासनावर बसणारा. मिरा रोडला असे बरेच देव, राक्षस आणि खलनायकांचे मेहुणे भाड्यानं राहत. चंदन शूटिंगवरून तडक आला होता, कानामागं सोनेरी रंग तसाच राहिलेला. हंसाबेननी त्याला जिन्यात पाहिलं आणि हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून दोन्ही हात जोडले.

“आप इंद्रदेव ना? मैं रोज देखती हूँ। कल असुरोंने क्या हालत की आपकी!”

“जी, सब ठीक हो जाएगा,” इंद्र लाजून म्हणाला.

“शादी हुई है?”

“अभी नहीं।”

“तो सॉरी,” हंसाबेननी पिशवी उचलली. “बॅचलर अलाउड नहीं। और फिल्म लाइन तो बिलकुल नहीं।”

स्वर्गाचा राजा चपला घालून खाली उतरला. नंतर त्याला वरसाव्याच्या बाजूला दोघांत एक खोली मिळाली असं पिंटूनं सांगितलं. दुसरा पार्टनर महिषासुर होता.

त्यानंतर निलोफर आणि तिचा नवरा आले. दोघंही शाळेत शिकवणारे, साधे, नीटनेटके. निलोफरनं स्वयंपाकघरात उभं राहून खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. तिला घर आवडलं हे पंचशीलाला त्यावरूनच कळलं. पंचशीलाला ती आवडली. पण खाली उतरताना हंसाबेन दारात होत्याच. त्यांनी नाव विचारलं, नाव ऐकलं आणि हसल्या. नुसत्या हसल्या.

पंचशीला म्हणाली, “मी बोलते त्यांच्याशी. नियमात कुठं लिहिलंय असं?”

“रहने दीजिए,” निलोफर शांतपणे म्हणाली. “आप तो जा रही हैं। रहना हमें पड़ेगा।”

त्या रात्री पंचशीला जेवली नाही. लोकेशला मात्र आयतं कोलीत मिळालं. “बघितलंस ना? आपण तिकडं डोंगरात, आणि इथं रोज कुणाचं तरी आडनाव तपासलं जाणार. विकून मोकळं होऊ. ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं, हंसाबेनसकट घ्यावं.”

ती काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही म्हणजे हो, असा लोकेशनं सोयीस्कर अर्थ काढला.

पिंटूनं गिऱ्हाईक आणलं ते भाईंदरचे स्टीलच्या भांड्यांचे कारखानदार. त्यांना सगळे शेठच म्हणत. शेठना मुलासाठी फ्लॅट हवा होता. भाव पटला, कागद पाहिले, आणि एका रविवारी शेठ टोकन द्यायला आले. सोबत वास्तुतज्ज्ञ. आणि पार्टी दमदार आहे हे कळल्यामुळं सोबत हंसाबेनसुद्धा. एवढ्या वर्षांत त्या वाठोऱ्यांच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच येत होत्या. ढोकळा नेहमी दारातूनच आत यायचा.

लोकेशनं पेढे आणले होते. नवा शर्ट घातला होता. कोंडिरामांना त्यानं आदल्या दिवशीच बजावलं होतं, बाबा, गप्प बसा. कोंडिराम खुर्चीत पेपर उलगडून बसले होते आणि गप्प बसण्याचा आवाज करत होते.

वास्तुतज्ज्ञानं खिशातून होकायंत्र काढलं आणि संडासाच्या दाराशी जाऊन मान हलवली. “टॉयलेट ईशान में है। ये तो भगवान का स्थान है।”

“मग देवाला म्हणा, जरा सरकून बस,” पेपरामागून आवाज आला.

लोकेशनं घाईघाईनं पेढ्यांचा डबा पुढं केला. हंसाबेन शेठना सांगत होत्या, “बहुत अच्छे लोग हैं। राठोर हैं ना, राजपूत। कभी किट-किट नहीं।”

शेठ पेढा तोंडाकडं नेता नेता थांबले. त्यांची नजर भिंतीवर गेली होती. तिथं बुद्धांची मूर्ती होती आणि वर बाबासाहेबांची मोठी तसबीर, निळ्या कोटातली, ताज्या हाराची.

“राजपूत?” शेठ म्हणाले.

हंसाबेनचीही नजर तिथं गेली. मग लोकेशकडं. मग पुन्हा तिथं. इतक्या वर्षांचा ढोकळा त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेला.

“वाठोरे,” लोकेश म्हणाला. “वजनातला व.”

शेठ व्यवहारी माणूस. त्यांनी पेढा हळूच परत डब्यात ठेवला, आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, “कोई बात नहीं, भाईसाब। हम ये सब नहीं मानते। घर अच्छा है। बस, आपके जाने के बाद एक बार हवन करवाके शुद्धि कर लेंगे। घर में माताजी है ना, उनके मन की शांति के लिए। आप बुरा मत मानना।”

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या पंचशीलाला आपल्या हातातला चहाचा ट्रे एकदम जड वाटला. तिनं लोकेशकडं पाहिलं. लोकेश हसत होता. ते हसू कसलं हे तिला माहीत होतं. लॅबमध्ये मोठी सुई बघितल्यावर पुरुष असंच हसतात.

पेपर खाली आला. “हवन करताय?” कोंडिराम गरजले. “घरात इस्तव पेटवणार? कायद्यानं परवानगी लागती! मी बत्तीस वर्षं बंब हाकलाय. तुमचं हवन पेटलं ना शेठ, की पाइप घिऊन येतो आन् आधी माताजीला भिजवतो, मंग तुम्हाला!”

“पिताजी, गुस्सा क्यों…”

“बाबा, बसा,” लोकेश म्हणाला. कोंडिराम बसले. लोकेशनं टीपॉयवरचं टोकनचं पाकीट उचललं, शेठच्या हातात ठेवलं आणि मराठीतच म्हणाला, “घर विकायचं नाहीये.”

“अरे, पण लोकेशसाहेब…” पिंटूचा घसा खरोखरच सुकला.

“तुझी दलाली बुडली, माहितीये. पेढा घे.”

मंडळी गेली. हंसाबेन जाताना चौकटीला अडखळल्या. लोकेश सोफ्यावर बसला, डबा मांडीवर घेतला आणि शेठनं हात लावलेला पेढा पहिल्यांदा खाल्ला. मग बाकीचे. पंचशीला शेजारी येऊन बसली. त्यानं तिला एकही दिला नाही, आणि तिनंही मागितला नाही.

तर फ्लॅट विकायचा नाही हे ठरलं. द्यायचा कुणाला, हे नव्हतं ठरलं. बद्दीला हजर व्हायची तारीख जवळ येत होती. ट्रकवाला रोज फोन करत होता.

शेवंती उत्तनहून मासळी घेऊन मिरा रोडला रोज यायची, आणि दर शुक्रवारी पूनम सागरला. सोसायटीत पाटी आणायची तिला बंदी, म्हणून ती फाटकाबाहेर रिक्षांच्या आडोशाला बसायची आणि निम्म्या सोसायटीच्या नोकराण्या पिशव्या घेऊन तिथं घुटमळायच्या. पंचशीला मात्र राजरोस जाऊन पापलेट उलटं-पालटं करून घ्यायची. त्या शुक्रवारी तिनं सहज आपलं रडगाणं सांगितलं.

शेवंती बोंबील साफ करता करता म्हणाली, “मना दे की.”

“काय, बोंबील?”

“घर गो, बाय. भाड्यानं. मी देतंय ना भाडं.”

पंचशीला हसली. शेवंती हसली नाही.

“माझं घर हाय मोठं. तीन पोरगे, तीन सुना, सात नातवंडां. बसाया जागा न्हाय आसं न्हाय. पन मी खाटंवं जरा पडलं का एक सून येतंय, आई, चावी दे. दुसरी येतंय, आई, पोराला धर. तिसरी काय बोलत न्हाय, नुसती हुबी ऱ्हातंय. त्या तिसरीला मी जास्त भितंय. चाळीस वर्सां सगल्यांना वाढलां. आता मना एक दार पायजे. मी लावीन तवा लागंल आसं.”

“मग रोज इथंच राहणार?”

“धंदा इथंच हाय. शनिवारी घरी जाईन, सुनांची भांडनं सोडवाया. तेवढी करमनूक पायजे ना मानसाला.”

पंचशीलाच्या मनात पहिल्यांदा काय आलं? पडदे. पडद्यांना वास लागेल. मग गाद्या. मग भिंती. रिक्षाच्या हॉर्ननं ती भानावर आली, आणि आपल्याच मनातलं ते होकायंत्र तिला दिसलं, संडासाच्या दाराशी उभं राहून मान हलवणारं. तिला स्वतःचीच अशी चीड आली की तिनं भाव न करता बोंबील घेतले.

“घरात मासळी वाळवायची नाही,” ती म्हणाली.

“मी काय येडी हाय? मासली वाळवाया उत्तनचा किनारा पडलाय. घरात मी टीवी बघीन.”

लोकेशला तिनं रात्री सांगितलं. तो एकदम हसत सुटला. “हंसाबेनचं काय होईल?”

“तेच बघायचंय मला,” पंचशीला म्हणाली.

पण बघण्याआधी ऐकायचं होतं. सोसायटीनं पार्किंगमध्ये मीटिंग लावली. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, आणि पंख्यासमोर हंसाबेन. त्या रविवारानंतर त्या पंचशीलाच्या नजरेला नजर देत नव्हत्या, पण इथं प्रश्न तत्त्वाचा होता. तिसऱ्या मजल्यावर मच्छीवाली! तळमजल्यावरचे एक काका म्हणाले की वास वरून खाली येतो. दुसरे म्हणाले की गरम हवा वर जाते, म्हणून वास वर जाईल. त्यावरून दोघांचं चांगलंच जुंपलं.

पंचशीला उठली. “नियमात दाखवा. मच्छी विकणाऱ्या बाईनं घरात झोपायचं नाही, असं कुठं लिहिलंय ते.”

“नियम में सब थोडी लिखते हैं,” हंसाबेन म्हणाल्या. “समझने का होता है।”

“समजलंय मला. आमचं आडनाव तुम्हाला आठ वर्षं समजलं नाही, आणि हे लगेच समजलं?”

एका खुर्चीचा पाय कचकन वाजला. हंसाबेन लाल झाल्या. काहीतरी बोलणार, तेवढ्यात फाटकातून शेवंती आत आली. पाटी नव्हती. हिरवंगार रेशमी लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर, गळ्यात, कानांत, हातांत मिळून इतकं सोनं की काकांनी वासाचा मुद्दा तात्पुरता बाजूला ठेवला. तिच्यामागं तिचा मधला मुलगा सदू, हातात गाडीची चावी फिरवत.

त्याला पाहून हंसाबेनच्या शेजारी बसलेले खजिनदार ताडकन उठले. “अरे, सदूभाई! तुम यहाँ?”

पूनम सागरात त्या वर्षी नळाला पाणी दिवसाआड यायचं, तेही करंगळीएवढं. सोसायटी जगायची ती टँकरवर. आणि टँकर लावण्यासाठी खजिनदार ज्या माणसाला दिवसातून चारदा फोन करून ‘प्लीज सदूभाई, आज का आज’ असं म्हणायचे, तो सदू हा.

“माझी आई,” सदू म्हणाला. “काय मॅटर चाललाय?”

खजिनदार हंसाबेनच्या कानाशी वाकले. त्यांनी काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण ‘पानी’ हा शब्द सगळ्यांना कळला. हंसाबेननी डोळे मिटले. मग उघडले. मग त्या उठल्या आणि शेवंतीचा हात दोन्ही हातांत घेतला.

“बहन, आप तो घर जैसी हैं। हम तो यही बोल रहे थे कि सीनियर सिटीजन को तीसरा माला… जिना चढ़ने में तकलीफ़ ना हो।”

“माजे गुडगं घट हायत,” शेवंती म्हणाली. “तुमचां कसां हाय?”

मीटिंग संपली. पंचशीलाला खरं म्हणजे जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण जिना चढताना तिच्या डोक्यात निलोफर आली. तिचा भाऊ टँकरवाला असता तर? तिनं तिसऱ्या मजल्यावर पोचून कुलूप उघडलं आणि ते वाक्य लोकेशला न सांगता, डाळ-तांदळाच्या डब्यांबरोबर बांधून टाकलं.

आठवड्याभरात ट्रक भरला. कोंडिरामांनी सामान बांधणाऱ्यांना आग लागल्यासारखं पळवलं. बाबासाहेबांची तसबीर ते मांडीवर घेऊन गेले, थेट हिमाचलपर्यंत. शेजारच्या प्रवाशानं चुकून त्यावर टिफिन ठेवला, तर रेल्वेचा अख्खा डबा हादरेल असं ओरडले.

बद्दी ठीक होती. थंडी होती, कारखाने होते, भाजीत सगळीकडं बटाटा होता. कोंडिराम तिथल्या पंजाबी म्हाताऱ्यांशी हिंदीत भांडायला शिकले. पंचशीलाला तिथल्या एका दवाखान्यात काम मिळालं आणि आता तिला डोंगरी लोकांची साखर कळू लागली. भाडं वेळेवर येत होतं.

अकरा महिन्यांनी करार नवा करायला पंचशीला एकटीच आली. लोकेशनं निघताना सांगितलं होतं, “पिंटू म्हणतो भाव बराच चढलाय. बघून ठरव, तू म्हणशील तसं.” सफरचंदांची पेटी घेऊन ती आपल्याच फ्लॅटच्या दाराशी उभी राहिली आणि आपल्याच घराची बेल वाजवली.

शेवंतीनं दार उघडलं. “ये गो, बाय! बारीक झालीस. खायला देत न्हाय तिकडं?”

पंचशीला आत आली आणि थबकली. भिंती पोपटी होत्या. पोपटसुद्धा लाजेल असा पोपटी. न विचारता! तिच्या फिकट क्रीम भिंती, ज्यांच्यासाठी तिनं सहा शेड बघितल्या होत्या! तिचा पारा चढत गेला. पण तोंड उघडण्याआधीच समोर पाट आला, ताट आलं, ताटात भरलेलं पापलेट आलं, आणि चिडायचं की खायचं यात खाणं जिंकलं. वास? वास होता. तळलेल्या मासळीचा. ती इथं राहत होती तेव्हाही शुक्रवारी तोच असायचा.

“रंग कुणी लावला?” तिनं काटा काढत विचारलं.

“मी. तुझा रंग कसा व्हता, आजाऱ्यासारखा. आता बग, कसां हसतंय घर.” शेवंती तिच्यासमोर फतकल मारून बसली. “इकनार हाय काय तू? पिंटू बोलत व्हता.”

“विकलं तर?”

“इकलंस तं मना इक. भायेरच्याला दिलंस तं मी निंगनार न्हाय, आताच सांगतंय.”

“नाही विकत,” पंचशीला म्हणाली. आपण हे इतकं पटकन कसं म्हणालो, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. “पण भाडं वाढवणार आहे.”

“किती?”

“पोपटी रंगाचे जास्तीचे.”

शेवंती खदखदून हसली आणि मग दोघींनी अर्धा तास भांडून भाडं ठरवलं. तेवढ्यात हंसाबेननी ढोकळा पाठवला, शेवंतीबेनसाठी. नोकराणी दारातून परत गेली नाही. आत येऊन तिनं टीव्हीवर काय चाललंय ते बघितलं, दोन सफरचंदं घेतली आणि वर काय काय पाहिलं ते हंसाबेनना सांगायला खाली गेली.

“आता पड जरा,” शेवंतीनं पंख्याखाली दोन चटया टाकल्या. दार लावलं, वरची कडी घातली, मोबाईल पिठाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. “कोन येत न्हाय आता.”

पंचशीला पडली. बाहेर कुणीतरी टँकरवाल्याला डावीकडं घे, डावीकडं घे म्हणून ओरडत होतं. शेजारी शेवंती लगेच घोरायला लागली. छताकडं बघता बघता पंचशीलाच्या लक्षात आलं की या घरात ती आठ वर्षं राहिली, हप्ते भरले, कपडे वाळवले, भांडली, पण दुपारी या पंख्याखाली कधी झोपली नव्हती. दुपारी ती नेहमी कुणाच्या तरी दंडात सुई घालून उभी असायची.

तिनं पदर तोंडावर ओढला. उठली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते, चहा उशाशी निवत होता, आणि परतीच्या गाडीसाठी तिची स्टेशनवर जायची वेळ कधीच टळून गेली होती.

“ऱ्हा आजचा दीस,” शेवंती स्वयंपाकघरातून म्हणाली. “उंद्या शनवार. उत्तनला चल माझ्यासंगती. तिसरी सून दाखवतंय तुला.”